शालनकाकूंचा पहिला प्रश्न

इंदापूरच्या चौकात वाहतूक पोलिसाच्या तोंडासमोर माईक धरून "साहेब, तुमच्या मामाचं गाव कंचं?" असं विचारणारी पत्रकार मी आजवर एकच पाहिली.

पोलिसानं तोंडातली शिट्टी काढली. आपल्यामागं काही चौकशी लागली की काय, असं त्याला वाटलं असावं. "का हो मावशी?" त्यानं जपून विचारलं.

"न्हाय, नाकावरनं वाटलं, लासुर्ण्याकडचं हायसा म्हणून."

"लासुर्ण्याचाच भाचा की मी!"

झालं. पुढचा बराच वेळ चौकातली वाहतूक आपली आपण चालली. मी कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा. आमचा विषय होता, 'मोबाईलमुळे तुमचं आयुष्य बदललं का?' त्या पोलिसाचं आयुष्य मोबाईलमुळे बदललं की नाही, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या थोरल्या मामीला गुडघ्याचं ऑपरेशन मानवलं नाही, हे मात्र कळलं.

या पत्रकार म्हणजे शालन गावडे, राहणार सणसर. वय पंचावन्नच्या पुढं, डोक्यावर पदर, पायात पोरानं टाकून दिलेले स्पोर्ट शूज. बारामतीच्या आमच्या कॉलेजात पत्रकारितेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, त्याला त्या माझ्या वर्गात होत्या. आम्ही बाकीचे म्हणजे पोलीस भरतीत धावताना मागं पडलेले, स्पर्धा परीक्षांना कंटाळलेले, आणि माझ्यासारखे काही, जे आरशासमोर कंगवा धरून 'कॅमेरामन अमुक अमुकसह मी केतन' म्हणत लहानाचे मोठे झाले.

पहिल्या दिवशी काकू वर्गात शिरल्या तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. मॅडम आल्या असं वाटलं. त्या सरळ पहिल्या बाकावर बसल्या, पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला, पदर सारखा केला आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "बसा की. का उभं ऱ्हायलाय?" मग देशमाने सर आले. त्यांनाही वाटलं, कुणाच्या तरी आई तक्रार घेऊन आल्यात.

"कुणाच्या आई आपण?"

"दोघांची हाय. पर आज माझ्याच नावावर आलीया," काकू म्हणाल्या.

लग्न दहावीनंतर झालं. पोरं मोठी झाल्यावर बाईंनी घरी बसून बारावी केली, मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं आणि एवढ्यावर न थांबता इथं आल्या. का, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गावात महिलांचा एक मेळावा झाला होता. सतरंज्या घालण्यापासून चहाची भांडी घासण्यापर्यंत सगळं बायकांनी केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली स्टेजवरच्या सगळ्या पुरुषांची नावं, आणि शेवटी एक ओळ : 'यावेळी महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.'

"त्या मोठ्या संख्येत मी हाय," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेत. भिंगानं बघितलं तर दिसते. आता लिहिनाऱ्यानं लिहिलं न्हाय तर आपुनच शिकावं म्हणलं."

सर खूश झाले. 'प्रेरणादायी' असा शब्द त्यांनी वापरला. पहिल्या प्रॅक्टिकलनंतर हा शब्द त्यांनी पुन्हा वापरल्याचं आठवत नाही.

सरांनी जोड्या पाडल्या आणि माझी जोडी काकूंशी पडली. वर्गातला एक नंबरचा भावी अँकर असल्यामुळं मला हे पटलं नव्हतं. काकूंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुझ्या आईचं म्हायेर कंचं?"

"बावडा."

"बावड्यात कुनाचं?"

मी आडनाव सांगितलं. काकूंनी डोळे मिटले. मग त्यांची नणंद, नणंदेचे दीर, त्या दिरांचे साडू अशी वळणं घेत घेत त्या शेवटी माझ्या आजोळच्या अंगणात येऊन पोचल्या. "म्हंजी मी तुझी मावशी लागते. आता भाचा हायस म्हणल्यावर ते तीन पायाचं उचल." तेव्हापासून ट्रायपॉड माझ्याकडं कायमचा आला. नात्यानं मावशी, पण सगळा वर्ग काकू म्हणायचा म्हणून मीही काकूच म्हणत राहिलो.

बारामतीच्या मंडईत आमची पहिली मुलाखत झाली. काकू माईक आमटीच्या पळीसारखा धरायच्या, किंचित तिरका, सांडू नये अशा बेतानं. माईकच्या तोंडावर वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून स्पंजची टोपी असते. तिला त्या 'टोपरं' म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते टोपरं घरी नेऊन धुतलं. "किती जनांच्या थुक्या बसल्यात त्येच्यावर," असं त्यांचं म्हणणं होतं. धुतल्यावर ते आकसलं, तर त्यांनी ब्लाऊजपीसच्या उरल्यासुरल्या कापडातून अस्तर लावून नवं शिवलं. वर बारीक नक्षीही काढली. आमच्या विभागाचा माईक त्यानंतर बारशाला निघाल्यासारखा दिसायचा.

मंडईतला कांदेवाला मिनिटभर बोलायला तयार झाला होता. काकूंनी त्याला आजोळ विचारलं. पाऊण तासानं आम्ही तिथून निघालो तेव्हा त्यानं दोघांना चहा पाजला होता, धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघायला सांगितलं होतं आणि काकूंच्या पायाही पडला होता. मोबाईलचा विषय मीच शेवटी घाईघाईनं काढला. "मोबाईल व्हय? हाय की," असं म्हणून त्यानं तो खिशातून काढून दाखवला.

खरी मजा एडिटिंगला सुरू झाली. एडिटिंग लॅबमध्ये दोन कॉम्प्युटर. काकू पदरावरून हेडफोन घालून बसल्या की विमान चालवायला निघाल्यासारख्या दिसायच्या. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेघा वरखाली व्हायच्या. "मेथी बरी आलीया," काकू म्हणायच्या. शिकायला मात्र बाई चपळ होत्या. माऊस पंधरा दिवसांत हाताला बसला. खोकला, हॉर्न, 'अं अं' असलं सगळं त्या तांदळातले खडे निवडावेत तसं पटापट काढायच्या. पण मामाचं गाव आलं की हात थांबायचा.

"काकू, हे कापा," सर म्हणायचे.

"ह्ये कसं कापू सर? मानसाचं म्हायेर कापायचं व्हय?"

"प्रेक्षकाला त्याच्या मामाशी काय देणंघेणं? दोन मिनिटांत बसवा. टाइट करा, टाइट."

"लई टाइट शिवलं की उसवतं सर."

सर पुण्यात एका वाहिनीवर पूर्वी काम केलेले. तिथं त्यांनी म्हणे मोठमोठ्या माणसांना मध्येच तोडलं होतं. काकूंना तोडणं त्यांना कधी जमलं नाही. ते नुसते चष्मा काढून पुसत बसायचे.

एकदा इंदापूरला हायवेच्या कडेला ढाब्यावर काकूंनी एका पंजाबी ट्रकवाल्याला गाठलं. मी म्हटलं, आता तरी हा प्रश्न अडेल. काकूंचं हिंदी म्हणजे मराठीलाच जरा हेल दिलेला. "भैया, आपकी माँ का मायका किधर?" तो गडी भाकरी हातात घेऊन बघतच राहिला. मग त्यानं गावाचं नाव सांगितलं. काकूंनी ते म्हणून पाहिलं. चुकलं. त्यानं पुन्हा सांगितलं. काकू नीट उच्चार जमेपर्यंत थांबल्या नाहीत. "उधर ऊस होता है क्या?"

"गन्ना? बहुत!"

"मंग काय तर," काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या. "ऊस हाय म्हंजी आपलीच मानसं."

तो ट्रकवाला निघताना खिडकीतून हात हलवत होता आणि आईला फोन लावत होता. मोबाईलमुळे आयुष्यात झालेला हा एक बदल आम्ही प्रत्यक्ष पाहिला. पण तो शूट झाला नाही, कारण मी तोवर कॅमेरा बॅगेत भरला होता.

काकूंचे यजमान मी एकदाच पाहिले. आम्ही सणसरला त्यांच्या घरी चहाला थांबलो होतो. अण्णा म्हणजे शांत माणूस. कारखान्याच्या सभेलाही हात वर करतात तेवढंच. ते मला म्हणाले, "आमच्यात बोलायचं काम हिच्याकडं आन ऐकायचं माझ्याकडं. आता मशीन ऐकतंय. तेवढाच मला इसावा." काकू आतून ओरडल्या, "मला समदं ऐकू येतंय!" अण्णा समाधानानं हसले.

एक दिवस डबे खाता खाता वर्गातल्या ऋतुजानं विचारलं, "काकू, सगळ्यांना माहेर विचारता. तुमचं माहेर कुठलं?"

"माझं व्हय? लोकांच्या म्हायेरात नळाला पानी न्हाय म्हणून बोंब असती. माझ्या म्हायेरात पानीच पानी. मंदिराच्या कळसापत्तुर!"

आम्ही हसलो. काकूही हसल्या. त्यांनी सगळ्यांना लसणाची चटणी वाढली. उजनीचं धरण भरलं तेव्हा नदीकाठची जी गावं पाण्याखाली गेली त्यातलं त्यांचं एक, हे मला नंतर बसमध्ये कळलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. गावाचं नाव पिंपळडोह. काकू तेव्हा चौथीत होत्या. गावातली घरं कुठं कुठं पांगली. वडिलांना जमीन मिळाली ती दुसऱ्या तालुक्यात. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. आई-वडील गेले, थोरली बहीण लांब सासरी, एक भाऊ सुरतेला, एक पिंपरीला. "दिवाळीला फोन करत्यात," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेरच्या उसाकडं बोट दाखवून, "ही लागन उशिरा झालीया बघ," असं म्हणून विषय संपवला.

वर्षाच्या शेवटी प्रोजेक्ट आलं. रस्त्यावरच्या लोकांशी बोलून दोन मिनिटांची फिल्म करायची, विषय तोच मोबाईलचा. बोलणं काकूंचं, कापणंही काकूंचं, कॅमेरा माझा. सरांनी काकूंना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, की या वेळी मामा नको, आत्या नको, माहेर नको. नाव आणि उत्तर, बस्स. नाहीतर नापास करावं लागेल. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गावातल्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की येत्या मेळाव्याची बातमी मी लिहिणार आणि समद्यांची नावं छापून आणणार. नापास बाईची बातमी कोण घेणार?

"भाच्या," त्या म्हणाल्या, "मी इचारलं तर माझ्या पायावर पाय दे."

आम्ही इंदापूरच्या आठवडी बाजारात गेलो. मला पाय द्यायची वेळच आली नाही. काकू एखाद्या जनगणनेवाल्यासारख्या चालल्या होत्या. नाव सांगा. मोबाईलमुळं काय बदाललं? धन्यवाद. लोकही तशीच उत्तरं द्यायला लागले. "चांगलं पण झालं, वाईट पण झालं." "वापरणाऱ्यावर असतं." एका बुवांनी तर मोबाईल हे शाप की वरदान, यावर शाळेतला निबंध म्हणून दाखवला. दोन मिनिटांत बसेल असं भरपूर मिळालं. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. काकूंना ते माझ्याआधी कळलं होतं, पण शब्द दिला होता. त्या घाम पुसायच्या आणि पुढच्या माणसासमोर माईक धरायच्या.

बाजाराच्या टोकाला, फाटक्या छत्रीखाली एक म्हातारी गवारीच्या शेंगा घेऊन बसली होती. चांगली ऐंशीची असेल. काकू उकिडव्या बसल्या.

"मावशी, नाव सांगा."

"नाव घिऊन काय करतीस?" म्हातारी म्हणाली. "गाव इचार."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? मान डोलावली.

"बरं. गाव कंचं?"

"ऱ्हातू हितंच, माळावर. मूळ गाव पिंपळडोह. आता न्हाय ते. धरनात गेलं."

मी कॅमेऱ्यातून बघत होतो. काकूंचा माईक हळूहळू खाली गेला आणि गवारीच्या ढिगाला टेकला. मग म्हातारीच म्हणाली, "आन तू कुनाची गं?"

एरवी काकू कुणालाही 'गावड्याची' असं ठणकावून सांगायच्या. आता त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "धोंडिबाची. मधल्या आळीतल्या."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. "थोरली का धाकली?"

"धाकली."

"अगं ए शाले!"

एवढ्या मोठ्यानं, की शेजारचा बटाटेवाला वजन करायचा थांबला. "शाले! माझ्या परड्यातली कवठं पळवनारी तूच न्हवं? आन वर मलाच इचारायचीस, पारूकाकी, कवठं कशी गं कमी झाली?"

"मी एकटी न्हवते," काकू म्हणाल्या. पंचावन्नच्या पुढची बाई चौथीतल्या पोरीसारखी तक्रार करत होती. "थोरलीबी हुती."

"ती चढायची. गिळायचीस तूच!"

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता म्हातारीनं काकूंचा हात धरला तो सोडला नाही. कोण कुठं गेलं, कोण आहे, कोण नाही, याची उजळणी झाली. मी पाय वगैरे काही दिला नाही. खूप वेळानं काकूंनाच आठवलं. त्यांनी नाक पुसलं, माईक उचलला, टोपरं झटकलं आणि विचारलं, "काकी, मोबाईलमुळं काय बदाललं?"

म्हातारीनं कनवटीचा छोटा फोन काढून तळहातावर ठेवला. "ह्यो नातवानं दिलाय. चांगला हाय. पर लावू कुनाला? ज्यास्नी लावावा वाटतो त्येंचा नंबर कुनापशीच न्हाय."

निघताना म्हातारीनं काकूंना थांबवलं. "म्हायेरवाशिनीला रिकाम्या हातानं लावत्यात व्हय?" म्हणून तिनं ओंजळी भरभरून गवार काकूंच्या पदरात घातली. काकूंच्या खांद्याला पिशवी होती. मी ती उघडून पुढं केली. काकूंनी पाहिलंसुद्धा नाही. इंदापूरपासून सणसरपर्यंत, गच्च भरलेल्या बसमध्ये, त्या एका हातानं दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं पदराचा सोगा धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एडिटिंगला बसलो. मी मनात ठरवूनच आलो होतो की सरांशी भांडायचं. एवढं सुंदर फुटेज, 'अगं ए शाले', कवठं, ओटी, सगळं ठेवायचं. दोन मिनिटं गेली खड्ड्यात. काकूंनी माऊस हातात घेतला आणि एकापाठोपाठ एक कापायला सुरुवात केली. 'नाव घिऊन काय करतीस' गेलं. पिंपळडोह गेलं. शाले गेलं. राहिला फक्त तळहातावरचा फोन आणि त्याखालचं उत्तर.

"काकू, अहो काय करताय? हेच तर खरं आहे. हे ठेवू या."

"न्हाय भाच्या," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "बातमी एवढीच हाय. बाकीचं माझं हाय."

ती फिल्म पुढं बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाहिली, शेवटचं उत्तर मागं घेऊन पुन्हा ऐकलं, आणि देशमाने सर आमच्याकडं बघत नुसतंच 'टाइट' म्हणाले. काकू पास झाल्या. माझेही मार्क बरे पडले, भाचा असल्यामुळं. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी काम संपल्यावर काकू जरा चाचरत म्हणाल्या, "ते कापलेलं कुठं जातं रं?"

"कुठं नाही जात. आहे इथंच."

"माझ्या फोनात येईल?"

मी टाकून दिलं. नीट आलंय का बघा म्हटलं, आणि हेडफोन त्यांच्या फोनला जोडून दिले. त्यांनी पदर सारखा केला, हेडफोन चढवले, डोळे मिटले. मी माझं सामान आवरायला लागलो. लॅबमध्ये शेजारच्या कॉम्प्युटरवर ऋतुजा आणि दोघंतिघं काम करत होती. पंखा फिरत होता.

"ओ!" काकू मोठ्यानं म्हणाल्या.

सगळे दचकून वळले. कानात हेडफोन असले की आपला आवाज किती मोठा येतो ते माणसाला कळत नाही. दारातून सरांनीही डोकावलं. मी त्यांना हातानं थांबवलं. काकूंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी अंगठ्यानं चाचपडत ती हाक पुन्हा मागं नेली, पुन्हा लावली, आणि पुन्हा तसंच, परकरातल्या पोरीनं मागच्या दारातून द्यावी तशी ओ दिली.

"ओ, काकी. आले, आले."